गावाचा आकडा आणि कंपनीचा आकडा

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मोबाइल उचलला की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'कुठे आहेस?' आमच्या अहिराणीत, 'कोठे शे रे भाऊ?' घरोघरी तारेचा फोन होता तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नसे. गरजच नव्हती. ०२५७ फिरवला की जळगाव लागायचे, ०२५६२ फिरवला की धुळे. घंटा वाजायची ती त्या गावातल्या त्या घरातल्या त्या कोपऱ्यात. माणूस घरी असेल किंवा नसेल, पण फोन गावातच असायचा. आज फोन माणसाच्या खिशात आहे आणि माणूस कुठेही आहे. आकडा मात्र तोच. तो आकडा आता कुणाची ओळख सांगतो, गावाची, माणसाची की आणखी कुणाची, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडतो.

कवीने आकड्यांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण कवी आणि आकडा यांचे नाते जुने आहे. संस्कृतात चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच अशी शब्दांतून आकडे सांगण्याची रीत होती. अरबी-फारसीत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. त्याला अबजद म्हणतात. उर्दू-फारसी शायर एखादी ओळ अशी रचत की तिच्या अक्षरांची बेरीज केली तर मशीद बांधल्याचे किंवा कुणी वारल्याचे साल निघावे. 'बिस्मिल्लाह'च्या पूर्ण वचनाची बेरीज ७८६ येते. म्हणून तर आमच्याकडची पोरे मोटारसायकलला आणि मोबाइलला ७८६ मिळावा यासाठी जादा पैसे मोजतात. आकडा नुसता मोजण्यासाठी नसतो, तो नावही असतो, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही.

आपल्या रोजच्या पत्त्यातला आकडाही एका कवीनेच दिला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले गृहस्थ केंद्रीय दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतात काव्य-नाटके लिहीत. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, वाचता न येणारी अक्षरे यांतून टपालाची वाट काढण्यासाठी त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड तयार केला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो लागू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय. जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१. सुरुवातीचा ४ आपल्याला मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोव्याशी जोडतो. पुढचे आकडे उजवीकडे सरकतील तसे आपण घराच्या जवळ येतो. पत्रावर नाव चुकले तरी पत्र निदान गावात पोहोचते.

टेलिफोनचा आकडाही असाच गावाचा होता. त्याआधी ट्रंक कॉल होता. एक्स्चेंजमधल्या बाईंना गाव आणि नंबर सांगायचा आणि वाट बघत बसायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर असत. लाइटनिंग कॉल आला म्हणजे घरातल्यांच्या छातीत धस्स व्हायचे, कारण एवढे पैसे कुणी सुखासुखी मोजत नसे. १९६० साली कानपूर आणि लखनऊ यांच्यात देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. बाईंच्या ऐवजी आकडा फिरवून थेट परगावी बोलता येऊ लागले. १९८० च्या दशकानंतर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गावोगावी आले. आपल्याकडच्या बसस्थानकाजवळ ते किती होते, हे चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. रात्री दर कमी व्हायचे म्हणून तेव्हाच तिथे रांग लागायची.

या एसटीडी कोडमध्ये एक साधे गणित आहे. शून्य सोडून कोड आणि घरचा नंबर यांचे आकडे मिळून दहा होतात. मुंबईचा कोड २२, म्हणजे दोन आकडी, म्हणून तिथला नंबर आठ आकडी. जळगावचा २५७, तीन आकडी, म्हणून नंबर सात आकडी. धुळ्याचा २५६२, चार आकडी, म्हणून नंबर सहा आकडी. शहर मोठे तितका कोड आखूड. सारा देश अशा अडीच हजारांहून अधिक छोट्या क्षेत्रांत वाटलेला होता. नंदुरबार ०२५६४, शिरपूर ०२५६३, भुसावळ ०२५८२, अमळनेर ०२५८७, चाळीसगाव ०२५८९. ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ०२५ नंतर ६ आला की आपण धुळे-नंदुरबारकडे असतो आणि ८ आला की जळगावकडे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशचे पश्चिम आणि पूर्व असे दोन जिल्हे केले होते. त्या जुन्या वाटणीची खूण टेलिफोनच्या आकड्यातही दिसते. वऱ्हाडात पाय ठेवला की अकोला ०७२४, अमरावती ०७२१. सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूरला गेलो तरी सुरुवात ०७ नेच. म्हणजे कोड बघून माणसाला नकाशा काढता येत होता.

मग मोबाइल आला आणि नकाशाच बदलला. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दळणवळणमंत्री सुखराम यांना फोन केला. तो देशातला पहिला मोबाइल कॉल मानला जातो. परवाने देताना सरकारने जिल्हे किंवा तालुके पाहिले नाहीत. देशाचे मोठमोठे तुकडे केले, त्यांना 'सर्कल' म्हणतात. मुंबई वेगळे सर्कल. बाकीचा सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. खानदेश, कोकण, मराठवाडा, विदर्भ आणि पणजी, सगळे एका खात्यात. १९९७ च्या सुमारास या सर्कलमध्ये दोन कंपन्यांचे जाळे सुरू झाले, बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. पहिलीचे नंबर ९८२२ ने सुरू होत आणि दुसरीचे ९८२३ ने. 'माझा ९८२२ आहे' असे लोक अभिमानाने सांगत. पण ऐकणाऱ्याला त्यावरून इतकेच कळायचे की गडी कुठल्या कंपनीचा आहे. तो रावेरचा की रत्नागिरीचा, हे कळायला मार्ग नव्हता.

हा झाला बाहेरचा आकडा, जो आपण एकमेकांना देतो. पण मोबाइलच्या आत आणखी एक आकडा असतो, आणि खरी ओळख त्याची असते. तो पंधरा आकडी असतो आणि सिमकार्डात लिहिलेला असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन कंपनीच्या जाळ्याचे आणि उरलेले ग्राहकाचे. देशाचा आकडा जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना देते. ही संघटना १८६५ साली तारायंत्रासाठी पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि आज ती संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आहे. तिने जगाचे विभाग पाडले. २ ने युरोप, ३ ने उत्तर अमेरिका, ४ ने आशियाचा मोठा भाग, ६ ने आफ्रिका. भारताला ४०४ मिळाला, पाकिस्तानला ४१०, सौदी अरेबियाला ४२०, नेपाळला ४२९. इंटरनेटवर पान सापडले नाही की ४०४ दिसतो, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. पण हरवलेल्याचा आकडा आपल्या देशाच्या वाट्याला आला, याची गंमत वाटते खरी.

४०४ च्या पुढे जाळ्याचा आकडा. बहुतेक देशांत एका कंपनीला देशभर एकच आकडा पुरतो. आपल्याकडे परवाने सर्कलनिहाय दिले, म्हणून आकडेही सर्कलनिहाय. महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये आयडियाचा आकडा २२, बीपीएलचे जाळे पुढे ज्यांच्याकडे गेले त्यांचा २७, बीएसएनएलचा ६६, एअरटेलचा ९०. मुंबईत एअरटेलचाच आकडा ९२ आणि एमटीएनएलचा ६९. दोन आकड्यांत शंभरच जागा बसतात. बावीस सर्कल आणि प्रत्येकात चार-सहा कंपन्या म्हटल्यावर शंभर जागा कशा पुरणार? म्हणून भारताला ४०५ हा दुसरा आकडाही घ्यावा लागला आणि त्याखाली तीन आकडी जागाही वापरल्या गेल्या. जिओचे आकडे याच ४०५ खाली आहेत.

जुन्या नंबरांकडे पाहिले तर एक मजेदार जुळणी दिसते. ९८२२ वाल्यांच्या जाळ्याचा आकडा ४०४-२२. महाराष्ट्रात एअरटेल ९८९० ने सुरू झाले, त्याचा आकडा ४०४-९०. मुंबईत एमटीएनएलचा ९८६९, तर आतला ४०४-६९. दिल्लीत ९८१० आणि ४०४-१०. बाहेरचा आकडा आणि आतला आकडा अनेक ठिकाणी असे हातात हात घालून होते. सगळीकडे नाही. ९८२३ वाल्यांचा आतला आकडा २७ होता.

या आकड्याचा उपयोग काय, तर ओळख पटवणे. आपण फोन सुरू करतो तेव्हा तो आधी कान देऊन ऐकतो. आसपासचा प्रत्येक टॉवर अखंड पुकारत असतो, 'मी ४०४-२२', 'मी ४०४-६६'. फोन आपल्या सिमचा आकडा काढून ताडून बघतो. आपला टॉवर सापडला की तिथे नाव नोंदवतो. नाही सापडला तर परक्या टॉवरला विचारतो. परका टॉवर सिमचे पहिले आकडे वाचून मूळ कंपनीला कळवतो, 'तुमचा माणूस आमच्याकडे आलाय, याला जागा देऊ का?' दोन कंपन्यांचा करार असेल तर जागा मिळते. त्यालाच आपण रोमिंग म्हणतो. करार नसेल तर पडद्यावर येते, 'फक्त आपत्कालीन कॉल'. जळगावचा हज यात्रेकरू जिद्दाला उतरून फोन सुरू करतो तेव्हा हेच घडते. हवेत ४२० चे टॉवर, सिममध्ये ४०४. क्षणभरात तिथले यंत्र इथल्या यंत्राला विचारते, इथून होकार जातो आणि हाजीसाहेब घरी सांगतात, 'खैरियतसे पहुँच गए.' त्या एका वाक्यामागे जिनिव्हात छापलेली आकड्यांची यादी उभी असते.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. हा पंधरा आकडी खरा आकडा फोन हवेत सारखा उच्चारत नाही. तसे केले तर कुणीही तो ऐकून माणसाचा माग काढील. म्हणून ओळख पटली की जाळे त्याला एक तात्पुरता आकडा देते आणि पुढचे बोलणे त्या नावाने होते. वेळोवेळी तो बदलतो. आम्हा मुशायऱ्यातल्या माणसांना हे लगेच समजते. शायराचे खरे नाव शाळेच्या दाखल्यावर असते, मैफलीत चालते ते तखल्लुस!

आता आपल्या सीमेकडे येऊ, कारण या आकड्यांचा चटका खानदेशाला तिथे बसला. कागदावर सर्कलची रेघ सरळ असते, टॉवरची लहर मात्र रेघ मानत नाही. शिरपूरच्या पुढे पळासनेर ओलांडले की सेंधव्याकडचे टॉवर, रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरचे, नवापूरला गुजरातचे. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावर चार पावले टाकली की राज्य बदलते. आयडियाचा महाराष्ट्राचा आकडा २२, गुजरातचा २४, मध्य प्रदेशचा ७८. कंपनी एक, सिम एक, पण फोनच्या लेखी तीन जाळी. सीमेवरच्या शेतकऱ्याचा फोन स्वतःच्या बांधावर उभ्या-उभ्या परराज्यात जायचा आणि रोमिंगचे पैसे पडायचे. रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनचेही पैसे लागत. रावेर-सावद्याच्या केळीच्या व्यापाऱ्याला बऱ्हाणपूरची बाजारपेठ घरची, पण फोनला ती परकी.

आमच्या घरचेच सांगतो. माझी एक खाला बऱ्हाणपुरात दिलेली. बऱ्हाणपूर, भुसावळ, धुळे, मालेगाव या पट्ट्यात आमच्या लोकांची सोयरीक पिढ्यानपिढ्या आहे. विणकरी कामाने जोडलेली, लग्नांनी घट्ट झालेली. अम्मी आणि खाला यांच्या बोलण्यात कधी राज्याची सीमा आली नाही. पण खाला आमच्याकडे महिनाभर राहायला आली की तिचा फोन वाजताच मुले ओरडत, 'खालाजान, मत उठाओ, रोमिंग लगेगा!' ती बिचारी फोन हातात धरून बसायची आणि मग आमच्या घरच्या फोनवरून परत लावायची. ज्या दोन गावांमध्ये शेकडो वर्षांचे येणे-जाणे आहे त्यांच्यात असे परकेपण एका परवान्याच्या रेघेने आणले. मे २००३ पासून आपल्या सर्कलमध्ये येणारा फोन फुकट झाला, पण सीमेवरचे हे दुखणे बरीच वर्षे राहिले. २०१६-१७ नंतर कंपन्यांच्या चढाओढीत देशांतर्गत रोमिंगचे शुल्क जवळपास संपले, तेव्हा कुठे ते सुटले.

मधल्या काळात पाट्याही किती बदलल्या पाहा. बिर्ला एटी अँड टीची २००२ साली आयडिया झाली. बीपीएलचे महाराष्ट्रातले जाळे हचकडे गेले आणि २००७ साली हचचे व्होडाफोन झाले. २०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या आणि २०२० साली नाव आले 'व्ही'. दुकानांचे रंग नारिंगी, गुलाबी, लाल, पिवळे असे होत गेले. पण टॉवर ज्या आकड्याने स्वतःला पुकारतो तो आकडा पाटीबरोबर बदलला नाही. नाव माणसांसाठी होते, आकडा यंत्रासाठी. यंत्राची स्मरणशक्ती पक्की निघाली.

दुसरा मोठा बदल झाला तो २०११ साली. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. १९०० वर एक संदेश पाठवायचा, कोड घ्यायचा आणि नव्या कंपनीत जायचे. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदलले तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. सिम नवे मिळते, आतला पंधरा आकडी आकडा नवा होतो, पण बाहेरचा दहा आकडी तोच राहतो. फोन लावताना यंत्र आधी एका सामायिक नोंदवहीत बघते की हा नंबर सध्या कुणाच्या जाळ्यात आहे. त्यामुळे ९८२२ हा आता कंपनीचाही पत्ता सांगत नाही आणि महाराष्ट्राचाही नाही. आकड्यातून आधी गाव गेले, मग कंपनी गेली, उरला फक्त माणूस.

हे चांगलेच झाले, असे मी म्हणेन. धुळ्याचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तिथून बंगळुरूला गेला, तरी आईला त्याचा एकच नंबर पाठ आहे. आईच्या दृष्टीने यापेक्षा मोठी सोय नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. बँक, रेशन, गॅस, आधार, शेतकऱ्याचे अनुदान, सगळे त्या दहा आकड्यांना बांधले गेले आहे. ओटीपी आला नाही तर माणूस खिडकीसमोर उभा असूनही त्याची ओळख पटत नाही. आणि हा नंबर आपला मालकीचा नसतो. रिचार्ज थांबले, वापर थांबला, तर काही काळाने तो बंद होतो आणि बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेला सातपुड्यातला मजूर सहा-सहा महिने घरी नसतो. रिचार्जला पैसे नसतात. तो परत येतो तेव्हा त्याचा नंबर कुणा परक्याच्या खिशात वाजत असतो आणि बँकेत मात्र तोच नोंदलेला असतो. घराचा पत्ता असा कुणी दुसऱ्याला वाटत नाही. म्हणून नंबर बंद पडला की बँकेत आणि रेशनच्या खात्यात तो बदलून घ्यावा, एवढे तरी शिकलेल्यांनी शेजारच्या अडाणी माणसाला सांगावे.

लँडलाइनचे आकडेही आता सर्कलच्या वाटेवर आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने शिफारस केली की लँडलाइनच्या आकड्यांची योजना छोट्या क्षेत्राऐवजी सर्कलच्या पातळीवर करावी आणि शेजारच्या घरच्या लँडलाइनला फोन लावतानाही शून्य आणि कोडसह पूर्ण आकडा फिरवावा. त्यामागचे कारण व्यवहाराचे आहे. लहान गावांसाठी राखलेले लाखो आकडे पडून आहेत आणि शहरांत आकडे कमी पडतात. व्यवहार कुणाला चुकला आहे?

तरी माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी जुनी डायरी असेल, लग्नाची जुनी पत्रिका असेल, बंद पडलेल्या दुकानाची पाटी असेल, तर त्यावरचा एसटीडी कोड मुलांना वाचायला सांगा. ०२५७ म्हणजे काय, ०२५६२ म्हणजे काय, २ कशाचा, ५ कशाचा, हे त्यांना समजावून द्या. त्यांच्या फोनमध्ये दडलेला ४०४ त्यांना जगात कुठेही ओळख देईल. पण आपण कुठल्या गावचे, हे तो आकडा सांगणार नाही. ते आता आपल्यालाच सांगावे लागेल.